शिकार थांबली, तरी देवमासे का मरतात?

देवमाशांविषयी बोलणे निघाले की मला हमखास विचारले जाते, ‘व्यापारी शिकारीवर तर १९८६ सालीच बंदी आली, मग आता त्यांना धोका कशाचा?’ तुम्हीही तेच विचारलेत, म्हणून जरा सविस्तर लिहीत आहे.

देवमासा मरतो तेव्हा त्याला कोणीतरी मारलेले असते, असे आपण गृहीत धरतो. उत्तर अटलांटिकमधील राइट व्हेल या जातीला आंतरराष्ट्रीय कराराने १९३५ पासून संरक्षण आहे. तरीही आज जगात त्या चारशेहून कमी उरल्या आहेत आणि त्यांत पिल्ले देऊ शकणाऱ्या माद्या सत्तरच्या आसपास आहेत. त्यांच्या जिवावर उठली आहे ती दोरी. लॉबस्टर आणि खेकडे धरण्यासाठी समुद्रतळाशी पिंजरे ठेवतात व पिंजऱ्यांपासून पृष्ठभागावरच्या तरंगत्या बोयांपर्यंत दोऱ्या उभ्या असतात. तोंड उघडे ठेवून पोहत खाणाऱ्या या प्राण्याच्या जबड्यात, परांत किंवा शेपटीत ती अडकते. जातीतील ८५ टक्क्यांहून अधिक प्राणी आयुष्यात एकदा तरी असे अडकलेले आहेत. पुष्कळदा मृत्यू लगेच येत नाही. दोरी मांसात रुतत जाते, ती ओढत पोहताना चरबी झिजते, आणि वाचलेली मादीही पुढची कित्येक वर्षे गर्भ धरण्याइतकी सशक्त होत नाही. पूर्वी तीन वर्षांच्या अंतराने होणारी पिल्ले आता सहा-सात किंवा त्याहून अधिक वर्षांनी होतात. मला हा मंद मृत्यू भाल्याच्या घावापेक्षा क्रूर वाटतो.

जहाजांची धडक हे दुसरे कारण. अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यालगतचे मेनचे आखात तापू लागल्यावर राइट व्हेलचे सूक्ष्म खाद्य उत्तरेकडे सरकले आणि त्यामागे त्याही कॅनडातील सेंट लॉरेन्सच्या आखातात गेल्या, जिथे त्यांच्यासाठी वेगमर्यादा अजून घातलेली नव्हती. २०१७ या एका वर्षात या जातीचे सर्व कारणांनी मिळून १७ मृत्यू नोंदले गेले.

आवाजाचेही तसेच. ११ सप्टेंबर २००१ नंतर कॅनडातील फंडीच्या उपसागरात जहाजांची ये-जा काही दिवस रोडावली आणि पाण्यातला आवाज घटला, तेव्हा या देवमाशांच्या विष्ठेतील ताणाच्या संप्रेरकांचे प्रमाण घटलेले आढळले. इतर वेळी ते किती ताणात जगतात, हे त्यावरून उमगले.

प्लास्टिकविषयी तुम्ही ऐकलेच असेल. २०१९ मध्ये फिलिपिन्सच्या किनारी मेलेल्या एका चोचवाल्या देवमाशाच्या पोटात सुमारे ४० किलो प्लास्टिक होते. पण डोळ्यांना न दिसणारे प्रदूषण मला अधिक भयावह वाटते. पीसीबी ही विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी रसायने बहुतेक देशांनी काही दशकांपूर्वीच बंद केली, तरी किलर व्हेलच्या चरबीत ती अजून साठलेली आहेत आणि आईच्या दुधातून पिल्लाच्या शरीरात उतरतात.

दोरीवर उपाय आहे. पाण्यात उभी दोरी न ठेवता, ध्वनिसंकेत मिळताच तळातून पिंजरा वर आणणारी साधने आता तयार झाली आहेत. ती महाग आहेत, आणि तो सगळा भार एकट्या मच्छीमाराच्या माथी मारणे मला न्याय्य वाटत नाही. सरकारांनी आणि ते लॉबस्टर खाणाऱ्यांनीही तो वाटून घ्यायला हवा.