मार्ज विरुद्ध मोनोरेल

आज 'सिम्पसन्स' या अमेरिकी कार्टून मालिकेचा मोनोरेलवाला भाग पुन्हा पाहिला. चौथा सीझन, जानेवारी १९९३, लेखक कोनन ओब्रायन.

खरी करामत आहे ती गावसभेच्या प्रसंगात. अणुवीज प्रकल्पाचा मालक बर्न्स याच्या दंडाचे ३० लाख डॉलर गावाला मिळालेत आणि गृहिणी मार्जची मुख्य रस्ता दुरुस्त करण्याची सूचना जवळजवळ मंजूर झालीय. तेवढ्यात मोनोरेल विकायला आलेला भामटा लायल लॅनली (आवाज फिल हार्टमनचा, दुसरा कोणी चाललाच नसता) उठतो. आधी म्हणतो, जाऊ द्या, माझी कल्पना शेजारच्या शेल्बीव्हिलला शोभेल. झालं, सगळे पेटले! मग गाणं. आवाज होईल का, रूळ वाकेल का, असे रास्त प्रश्न लोक गाण्यातच विचारतात, पण यमक जुळलं की शंका मिटली. रस्ता अजून फुटकाच आहे, हे मार्ज सांगते तेव्हा ऐकायला कोणी उरलेलं नसतं. मुंबईत मोनोरेल मिळालेल्या वडाळा-चेंबूरवाल्यांनी हा भाग जरूर बघावा.

शेवटची धावपळ त्यामानाने सरळ. तरी सौरऊर्जेवरची गाडी सूर्यग्रहणात थांबते आणि ग्रहण सुटताच पुन्हा सुसाट सुटते, हा विनोद फार स्वच्छ बांधलाय. गाडी चालवणारा मार्जचा नवरा होमर गाडीवरचं 'एम' अक्षर नांगरासारखं टाकतो, ते अडकतं एका प्रचंड डोनटमध्ये.