एकाच ओसरीवर गाणं आणि वंशावळ

खान्देशात मंडळांना तोटा नाही. गणपतीचं आहे, नवरात्रीचं आहे, समाजाचं आहे, गल्लीचं आहे. बोली आणि वारशाचं मंडळ काढायचं म्हटलं की मात्र हॉल, बॅनर, शाल-श्रीफळ, अहिराणीतून दोन भाषणं आणि ग्रुप फोटो, एवढ्यावर वर्ष संपतं. धडगावहून शिकायला आलेला पावरा मुलगा त्या हॉलमध्ये नसतो, यावलकडची तडवी मुलगीही नसते. अहिराणी, लेवा बोली, गुजरी, भिली, पावरी, मावची, गोरमाटी एवढ्या बोली जळगाव, धुळे, नंदुरबार या तीन जिल्ह्यांत नांदतात. त्यातली एकच बोली मंडळात असेल तर ते मंडळ कसलं, भाऊबंदकीच ती.

मंडळाने दोन कामं एकत्र धरावीत: जुनी गाणी टिपणं आणि तरुणांचे जातीचे दाखले मार्गी लावणं. ऐकायला विचित्र वाटेल. पण कानबाई, गुलाबाई या देवींची गाणी जिला पाठ असतात, त्याच आजीला सासऱ्याचं खरं नाव, तो कोणत्या पाड्यावरून आला, कोणत्या शाळेत चौथीपर्यंत गेला, हेही पाठ असतं. ओसरीवरची एक बैठक, काम दोन्ही.

नोंदणीचं थोडक्यात. किमान ७ जण लागतात. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली, अशा दोन्ही नोंदण्या धर्मादाय कार्यालयात होतात. मंडळाच्या घटनेत सुरुवातीलाच लिहून टाका: कार्यकारिणी ११ जणांची, त्यात किमान ३ मातृभाषा आणि ४ बाया. तोंडी ठरवलेलं दुसऱ्या निवडणुकीला कुणाला आठवत नाही. नंतरची नेहमीची चूक म्हणजे कार्यकारिणी बदलली तरी ९० दिवसांत बदल अर्ज, म्हणजे ज्याला सगळे चेंज रिपोर्ट म्हणतात तो, दाखल न करणं. मग बँक नव्या अध्यक्षाची सही घेत नाही आणि पैसे खात्यात असून चहाची वर्गणी काढावी लागते. बायकांचा बचत गट असेल तर त्याचं खातं आणि वही मंडळापासून पूर्ण वेगळी ठेवा. एकदा मिसळलं की हिशेब सुटत नाही.

आता बैठक. गाणं टिपायला महागडं यंत्र लागत नाही. फोन फ्लाइट मोडवर टाका, पंखा बंद करा, फोन गाणारीच्या तोंडापासून हातभर अंतरावर उशीवर ठेवा. पत्र्याखाली आवाज घुमतो, म्हणून गोधड्यांच्या चळतीजवळ बसा. अॅपमध्ये जमत असेल तर एमपीथ्रीऐवजी वेव्ह फाइल निवडा. सुरुवातीला गाणारीच्याच आवाजात नाव, गाव, पाडा, माहेर, तारीख आणि ‘हे लोकांना ऐकवलं तर चालेल का’ याचं उत्तर घ्या, तेही तिच्याच बोलीत. कागदावर अंगठा घेऊन झालेली संमती मला पटत नाही, तिला त्यातलं काही कळलेलं नसतं. फाइलच्या तीन प्रती करा आणि त्यातली एक दुसऱ्या गावात ठेवा.

खरी नासाडी लिहून काढताना होते. अहिराणीत डोळ्याचा ‘डोया’ होतो, काळ्याचा ‘काया’, लेवा बोलीत केळी ‘केयी’ होते. शिकलेला कार्यकर्ता हे ‘शुद्ध’ करून टाकतो आणि चाल मोडते. ऐकू येतं तसं लिहा, मराठी अर्थ शेजारच्या रकान्यात. पावरी, भिली लिहायला तीच बोली बोलणारं माणूसच बसवा. सातपुड्यातल्या काठी गावच्या होळीसारख्या ठिकाणी तर आधी विचारल्याशिवाय कॅमेरा काढूच नका, नवस धरलेल्यांचे नियम कडक असतात.

या टिपणांचा गाणाऱ्यालाही उपयोग आहे. ज्येष्ठ कलावंतांच्या मानधनासाठी, वय ५० च्या पुढे आणि महिना ५,००० रुपये, कलेचा पुरावा मागतात. वहीगायन, म्हणजे खान्देशी लोकगायन, करणाऱ्या म्हाताऱ्याकडे प्रमाणपत्रं कुठली? मंडळाने कार्यक्रमपत्रिका, तारखा, फोटो नीट ठेवले असतील तर अर्जासोबत काहीतरी जोडता येतं.

ध्वनिमुद्रण थांबवलं की दुसरी वही उघडा. पणजोबा, आजोबा, वडील, चुलते, सगळ्यांची नावं, टोपणनावं, गाव, शाळा. जातीच्या दाखल्यासाठी ठरलेल्या तारखेच्या आधीचा पुरावा किंवा वास्तव्य लागतं: अनुसूचित जमातीला ६ सप्टेंबर १९५०, अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासांना १३ ऑक्टोबर १९६७. पुरावा सापडतो तो बहुधा जिल्हा परिषद शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षात कोतवाल बुकात, म्हणजे गाव नमुना १४ मध्ये. नकलेचा अर्ज द्या, आणि नोंद मोडीत असेल तर लिप्यंतर करून घ्या.

अडतं कुठे? आडनावावर. आजोबा नोंदीत नुसते ‘भिल’, वडील ‘सोनवणे’, नातू ‘मोरे’. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र आणि मधल्या प्रत्येक पिढीचा एक तरी कागद लागतो, एक कडी तुटली की फाइल परत. दुसरी अडचण यावल, रावेर, चोपड्याच्या तडवींची. जुन्या दाखल्यावर ‘मुसलमान’ लिहिलेलं असतं आणि टेबलावरूनच परत पाठवतात. अनुसूचित जमातीला धर्माची अट नाही. महाराष्ट्राच्या यादीत ८ व्या क्रमांकाच्या भिल नोंदीतच तडवी भिल, भिलाला, पावरा, वसावे येतात. त्या पानाची झेरॉक्स फाइलला वरच लावा, वाद घालण्यापेक्षा बरी. आणि विज्ञान शाखेच्या पोरांचा जात वैधता पडताळणीचा अर्ज अकरावीतच जाऊ द्या. बारावीचा निकाल लागल्यावर धावणारे दरवर्षी दिसतात.

पोराला नोकरी लागली की मंडळाचं काम संपत नाही. जळगावच्या चटई किंवा डाळ कारखान्यात लागलेला पाड्यावरचा पोरगा काम येत नाही म्हणून क्वचितच सोडतो. सुपरवायझरची अहिराणी भरभर, सूचना इंग्रजीत, आणि होळीला सुट्टी नाही, ही कारणं जास्त. पोराला कामाला लावण्याआधीच मालकाशी बोला: पहिले १५ दिवस जोडीला त्याच बोलीचा जुना कामगार, मशीनवर चित्रांची सूचना, आणि होळीचे चार दिवस आधीच ठरलेले, त्याबदल्यात दिवाळीत पाळी. बहुतेक मालक याला तयार होतात, कारण मार्चमध्ये माणूस पळाला की नुकसान त्यांचंच.

दाखल्यांच्या शिबिराची तारीख मंडळाच्या सोयीने धरू नका. दिवाळीनंतर निम्मे पाडे ऊसतोडीला गुजरातेत असतात, तेव्हा जानेवारीतलं शिबिर म्हणजे रिकाम्या खुर्च्या. सातपुड्यात होळीआधीच्या भोंगऱ्या बाजारांचा आठवडा धरा, टेबल बाजारातच लावा. खाली तापीकाठच्या गावांत श्रावण. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, सुरत-मुंबईची माणसं शनिवारीच घरी पोचतात, सोमवारी विसर्जन झालं की निघतात. म्हणून शनिवारी दुपारी जा. रविवारी रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याच्या, गडबडीत कुणाला जुन्या कागदांची ट्रंक उघडायला सवड नसते.