लेझर, क्रीम आणि सोमवार-गुरुवार

पाळी जाऊन सहा वर्षं झाली होती. गुडघे सोडले तर मला काही होत नाही, असं सगळ्यांना सांगायचे. खरं तर घोडबंदर रोडच्या खड्ड्यांतून रिक्षाने जाताना जीव मुठीत धरून बसायचे, कारण खालची जागा सुकून नुसती चुरचुरायची. यांनी जवळ यायचं म्हटलं की मी कूस बदलायचे. वर्षात तीनदा लघवीला जळजळ झाली आणि तीनदा अँटिबायोटिक घेतलं. तिसऱ्या वेळी नौपाड्यातल्या डॉक्टरबाईंनी विचारलं, "काकू, तिथे कोरडं वाटतं का?" इतक्या वर्षांत हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता. मी रडलेच.

तपासून त्या म्हणाल्या, पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन हे बायकांचं हार्मोन कमी झालं की तिथली कातडी पातळ होते, ओलावा जातो, आणि जंतुसंसर्ग लवकर होतो. त्यांनी तिथे लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम लिहून दिलं. मी घेतलं नाही. हार्मोन म्हटलं की मला कॅन्सरच आठवतो.

मैत्रिणीने एका क्लिनिकचं नाव सांगितलं. तिथे या कोरडेपणावर लेझर, तीन सिटिंग, महिन्या-दीड महिन्याच्या अंतराने. पैसे आगाऊ भरायचे, भरले. आधी पॅप स्मिअर, म्हणजे गर्भाशयाच्या मुखाच्या कॅन्सरसाठीची तपासणी, झाली. आत एक नळीसारखा प्रोब घालून फिरवतात, दहा मिनिटांत सुटका. गरम लागतं, योनीच्या तोंडाशी जरा चटका बसतो. त्यानंतर दोन-तीन दिवस अंगावरून पाण्यासारखं जात होतं, आठवडाभर संबंध नको म्हणून सांगितलं होतं. (ती सूचना ऐकून हे गालातल्या गालात हसले. जणू रोजचाच कार्यक्रम होता!)

पहिल्या सिटिंगनंतर बरं वाटलं. दुसऱ्यानंतर? नक्की सांगता येईना. तेव्हा मुलीने शोधून वाचून दाखवलं: अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, २०१८ मध्येच या उपचाराबद्दल सावध केलं होतं, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत ८५ बायकांपैकी काहींना खरं लेझर दिलं, बाकीच्यांना नुसतं नाटक केलं. वर्षभरानंतर दोन्हींत म्हणावा असा फरक नव्हता. क्लिनिकमध्ये यातलं एक अक्षर कुणी बोललं नव्हतं. तिसऱ्या सिटिंगला मी गेलेच नाही. पैसे बुडाले, त्याची चुटपुट अजून आहे.

परत नौपाड्यात गेले. डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. म्हणाल्या, हे क्रीम जागच्या जागी काम करतं, रक्तात फार थोडं जातं; पण स्तनाचा कॅन्सर झालेल्या बाईने आधी कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारावं. मला तसं काही नव्हतं. दोन आठवडे रोज रात्री, मग आठवड्यातून दोनदा. फरक जाणवायला दोन महिने लागले. आता रिक्षात नीट बसते, आणि तेव्हापासून जळजळही झालेली नाही.

सोमवारी उपवास असतो, गुरुवारी दत्ताच्या देवळात जाते, त्यामुळे क्रीमचे वार चुकत नाहीत.