अंगठ्याएवढा लाल

“आई, अंगठ्याने घोडे झाक ना!”

लंडनच्या नॅशनल गॅलरीत, जॉन कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराच्या ‘द हे वेन’ या निसर्गचित्रासमोर लेक म्हणाली. मी एक डोळा मिटून लांबूनच अंगठा धरला. घोड्यांच्या साजावरचा तेवढा लाल रंग दिसेनासा झाला आणि झाडं, कुरण, सगळं हिरवं एकदम मलूल वाटायला लागलं. अंगठा काढला, तर पुन्हा टवटवीत. चारदा केलं, चारदा तेच.

1821 चं, सहा फूट रुंद चित्र. इंग्लंडच्या सफोक परगण्यातली स्टौर नदी, पाण्यात उभी गाडी. काठावरचा कुत्रा गाडीकडे बघतोय, म्हणून आपणही आधी तिकडेच बघतो. पानांवर, पाण्यावर पांढऱ्या रंगाचे बारीक ठिपके आहेत. जवळ गेलं की नुसते फटकारे, चार पावलं मागे आलं की ओलसर ऊन!

आजवर निसर्गचित्र म्हटलं की मी आभाळ आणि झाडं बघून पुढे जायचे. किती चित्रांतला असा लाल माझ्या नजरेतून निसटला असेल, या विचाराने रात्री खरंच हळहळ वाटली.

तुम्ही कधी एखाद्या चित्रातलं काही झाकून पाहिलंय?