हतनूरच्या फुगवट्यावर नाव आणि भरीत

खानदेशात नौकाविहाराचा विषय काढला की पुण्या-मुंबईचे स्नेही हसतात. त्यांच्या डोळ्यांसमोर शिडाच्या होड्या, खारा वारा आणि कोकणचा किनारा असतो, तर जळगाव जिल्हा म्हटले की त्यांना ऊन आणि केळी एवढेच आठवते. हिवाळ्यात तापीकाठी जो बेत जमतो तो कोकणातही जमणार नाही, असे माझे ठाम मत आहे. कारण भरलेले पाणी, भरताची वांगी आणि पाहुणे पक्षी ही तिन्ही एकाच हंगामात एकत्र येतात.

पाण्याचे कारण धरणाच्या कामकाजात आहे. मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावून ७२४ किलोमीटर पश्चिमेकडे वाहत खंबातच्या आखाताला मिळणाऱ्या तापीवर भुसावळ तालुक्यात हतनूर धरण आहे, आणि त्याच्या वरच्या अंगाला चांगदेव येथे पूर्णा तिला येऊन मिळते. पूर्णा विदर्भातील काळ्या मातीचा मुलूख धुऊन येत असल्यामुळे पावसाळ्यात गाळ फार आणते, आणि पूर आला की धरणाचे ४१ दरवाजे कमी-जास्त उघडावे लागतात. पावसाचा जोर ओसरल्यावर साठा धरला जातो आणि फुगवटा, म्हणजे धरणामागे तुंबलेले पाणी, दोन्ही नद्यांच्या पात्रांत दूरवर पसरतो. पुढे शेतीच्या पाळ्या, गावांचे पाणी आणि दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र यांना पुरवता पुरवता उन्हाळ्यापर्यंत काठ उघडे पडू लागतात, म्हणून नाव काढायची ती थंडीतच.

नाव साधी, मासेमारीची, वल्ह्यांनी चालणारी असते, आणि उथळ जागी नावाडी बांबू रोवून तिला पुढे ढकलतो. शीड नाही आणि घाईही नाही. आम्ही ज्यांच्या नावेत बसतो त्या आप्पांना कोठे जायचे हे सांगावे लागत नाही. ते प्रथम संगमाकडे नेतात, जेथे काठावर चांगदेवाचे दगडी हेमाडपंती मंदिर उभे आहे. ज्ञानेश्वरांना कोरे पत्र पाठवणारे ते हेच चांगदेव, आणि तो कोरा कागद पाहून त्यांची थट्टा करणाऱ्या मुक्ताईचे स्थानही याच परिसरात आहे, त्यामुळे वारकऱ्यांना हा काठ नवा नाही. उथळ कडेला चक्रवाकांच्या जोड्या आणि लालसरी बदके दिसतात, पण त्यांच्या अंगावर नाव घालू नये असा आप्पांचा दंडक आहे आणि तो मला पूर्णपणे मान्य आहे. ‘पाखरू उडालं की तुमचं पाहणं संपलं, भाऊ,’ असे ते म्हणतात.

आता मुख्य विषय. चूल नावेत नव्हे, काठावर मांडायची. भरताची वांगी मोठी, फिकट हिरवी आणि कमी बियांची लागतात. यावल तालुक्यातील बामणोद आणि जळगावजवळील आसोदे ही त्यांची नावाजलेली गावे आहेत, आणि जळगावच्या भरीत वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. ही वांगी गॅसवर भाजणे हा माझ्या दृष्टीने अपराध आहे. थंडीत कापसाची वेचणी आटोपत आलेली असते, शेतात पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची झाडे, वाळलेल्या असतात, आणि त्यांचा जाळ भडकून लगेच निवतो, त्यामुळे साल करपते पण आतला गर धुराचा वास घेऊन मऊ शिजतो. साल काढून तो गर लाकडी बडगीत मुसळाने ठेचतात, त्यात हिरव्या मिरच्या आणि लसूण यांचे वाटण मिसळतात, आणि वरून शेंगदाणे, खोबऱ्याचे काप व भरपूर कांद्याची पात परतलेली तेलाची फोडणी ओततात. टोमॅटो घालणारे लोक आहेत. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण त्यांना बडगीजवळ बसू देत नाही.

सोबत कळण्याची पुरी किंवा भाकरी हवी. ज्वारी आणि अख्खे उडीद मीठ घालून एकत्र दळले की कळणा होतो. त्या पिठाच्या पुरीचा किंचित खरपूस, उडदाचा स्वाद भरताचे तिखट पेलतो, तसे ते गव्हाच्या पोळीला पेलवत नाही. पेय म्हणजे ताक, आले-जिरे घातलेला मठ्ठा किंवा वाटीने पिण्याजोगी गरम कढी. शहरी मित्रांच्या मनात जे दुसरे पेय असते त्याला आप्पांची सक्त मनाई आहे, कारण फुगवट्याचे पाणी शांत दिसले तरी खोल आहे. जीवरक्षक जाकिटे मागून घ्यावीत, नसतील तर काठावरच जेवून परतावे.

जेवण करून लगेच नावेत बसू नये, एवढे मात्र मी प्रत्येकाला सांगतो. भरीत जड पडते आणि झाडाखालची झोप टाळता येत नाही. उरलेले भरीत डब्यात भरून घरी न्यावे. दुसऱ्या दिवशी सकाळी ते दही आणि शिळ्या भाकरीबरोबर अधिकच मुरलेले लागते, आणि म्हणून आमच्याकडे वांगी नेहमी गरजेपेक्षा जास्तच भाजली जातात.