कोन्ता पाटील?

आमच्या रावेर-यावल पट्ट्यात केळीवाल्या शेतकऱ्यांची यादी कॉम्प्युटरवर चढवायची म्हटली की पहिला पेच आडनावाचा. पाटील, चौधरी, महाजन, की परत पाटील. आणि मी पडलो रेल्सवाला (रेल्स म्हणजे रुबी या प्रोग्रामिंग भाषेतलं वेबसाइट बनवायचं साधन), तिथे डायनॅमिक फाइंडर म्हणून एक प्रकार आहे, टेबलात आडनाव कॉलम असला की सरळ फाइंड_बाय_आडनाव लिहून मोकळं व्हायचं, ती मेथड, म्हणजे नावाने हाक मारली की काम करणारा कोडचा तुकडा, कोणी कुठे लिहिलेलीच नसते! रुबीत नसलेल्या मेथडला हाक मारली की मेथड_मिसिंग धावून येतं, रेल्स ते नाव वाचतं, फाइंड_बाय आहे ना, पुढचा कॉलम खरा आहे ना, मग जागेवर मेथड बनवून देतं, दुसऱ्या हाकेला ती तयारच असते. मला हे अजूनही भारी वाटतं, खरं सांगतो.

फक्त पारावर कोणालाही पाटील विचारा, तो आधी उलट विचारेल, "कोन्ता पाटील भाऊ?" रेल्स नाही विचारत. क्वेरीला, म्हणजे डेटाबेसला केलेल्या विचारणेला, लिमिट १ (एकच दे) लावतं आणि डेटाबेस जो पाटील पुढे करेल तो घेऊन येतं, ऑर्डर बाय, म्हणजे क्रम लावणं, पण नसतं, म्हणजे तोच पाटील दरवेळी येईल याची गॅरंटी नाही.

बरं मग फाइंड_बाय_आडनाव_अँड_गाव करा. चालतं, पण तिथे व्हॅल्यू क्रमाने जातात, सावदा आधी आणि चौधरी नंतर टाकलं तर एरर नाही काही नाही, गुपचूप निल, म्हणजे रिकामं उत्तर, आणि स्क्रीनवर "शेतकरी सापडला नाही", शेतकरी इकडे समोर उभा. मेथडच्या नावाशेवटी उद्गारचिन्ह लावलं तर निदान रेकॉर्डनॉटफाउंड ही एरर देऊन बोंब तरी मारतं, मी तेच लावतो.

२०१३ ला रेल्स ४ आलं तेव्हा यातली बरीच मंडळी मोडीत काढली, फाइंड_ऑल_बाय (जुळणारे सगळे आणणारी) वगैरे, म्हणे व्हेअर वापरा. जुन्या कोडवाल्यांनी कुरकुर केली, पण मला पटलं ते. व्हेअरमध्ये आडनावासमोर चौधरी, गावासमोर सावदा असं नाव घेऊन लिहावं लागतं, अदलाबदल झाली तर वाचतानाच दिसते, आणि सगळे चौधरी एकदम समोर येतात, मग वडिलांचं नाव बघून आपणच निवडायचा. साधा फाइंड_बाय_मोबाईल मात्र मी अजून ठेवलाय, तेवढं एक राहू दे, नंबर तरी सगळ्या पाटलांचे वेगळे असतात, घरात एकच फोन नसला तर.