बाईंचा शनिवारचा तास

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी मनोगत पाठवावे, असे मुख्याध्यापकांचे पत्र आले, तेव्हा कोणाविषयी लिहावे हा प्रश्न मला पडलाच नाही. शाळेने मला पुष्कळ दिले. गणिताचे सर, कवायतीचे सर, ग्रंथालयाच्या कपाटाची किल्ली विश्वासाने हाती देणारे शिपाईमामा, या साऱ्यांचे ऋण मोठे आहे आणि त्यांच्याविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे माजी विद्यार्थी या अंकात असतीलच. मला लिहायचे आहे ते बाईंविषयी. आपल्या शाळेत नुसते ‘बाई’ म्हटले की मराठीच्या बाईच डोळ्यांपुढे येतात, हे आमच्या आगेमागे शिकलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. आज मी मुलांसाठी गोष्टी लिहिते, त्यांची पुस्तके निघतात आणि वर्षातला बराच काळ गावोगावच्या शाळांत व वाचनालयांत मुलांच्या लेखन कार्यशाळा घेण्यात जातो. लोक मला विचारतात की हे कुठे शिकलात. मी आपल्या शाळेचे नाव सांगते.

शनिवारी सकाळची शाळा असे आणि शेवटचा तास वेळापत्रकात ‘निबंध’ म्हणून लिहिलेला असे. तो तास विहिरीकडच्या पत्र्याच्या खोलीत होई. बाके भिंतीला सरकवून आम्ही जमिनीवर गोल करून बसत असू आणि अर्धा तास तरी कोणी वही उघडायची नाही, असा बाईंचा दंडक होता. दोघांना पुढे बोलावून त्या एकेक चिठ्ठी देत. एकाने काय लिहिले ते दुसऱ्याने पाहायचे नाही. मग ते दोन शब्द फळ्यावर येत, आणि ते शक्य तितके एकमेकांना परके असले की बाईंना आनंद होई. ‘विहीर’ आणि ‘सायकल’ हे शब्द आले त्या शनिवारचा तास मला अजून आठवतो. सायकल विहिरीत पडली कशी, हे पहिल्या बाकावरच्यांनी सांगितले. बाईंनी विचारले, सायकलच विहिरीला भेटायला गेली असेल तर? विहिरीलाच कुठे जायचे असेल तर? तिच्या मागच्या सीटवर कोण बसेल? घंटा झाली, बाकीचे वर्ग सुटले, मैदानात आरडाओरडा सुरू झाला, तरी आमच्या खोलीतून कोणी उठले नाही.

पुढे कित्येक वर्षांनी इटलीतील बालसाहित्यिक जान्नी रोदारी यांच्याविषयी वाचताना मी थक्क झाले. १९७० साली त्यांना हान्स ख्रिस्तियन अँडरसन पुरस्कार मिळाला होता, आणि १९७२ च्या मार्चमध्ये रेज्जो एमिलिया या शहरात त्यांनी तिथल्या शिक्षकांपुढे गोष्ट रचण्याच्या आपल्या रीती मांडल्या होत्या. त्यांतली एक रीत हीच होती. फळ्याच्या एका बाजूला एका मुलाने शब्द लिहायचा, दुसऱ्या बाजूला, त्याला न दिसेल असा, दुसऱ्याने. ‘कुत्रा’ आणि ‘कपाट’ हे त्यांचे प्रसिद्ध उदाहरण. एरवी कधी शेजारी न येणारे दोन शब्द शेजारी आले की त्यांना सांधण्यासाठी मुलाची कल्पना कामाला लागते, असे त्यांचे म्हणणे होते. बाईंच्या बोलण्यात रोदारींचे नाव मी कधी ऐकले नाही. तालुक्याच्या गावातल्या एका शिक्षिकेला ही वाट आपल्या वर्गातल्या मुलांकडे पाहता पाहता सापडली होती, याचा मला फार अभिमान वाटतो.

बाईंचे स्वतःचे आधार मात्र खानदेशातलेच होते. त्यांचे शिक्षण अमळनेरला झाले होते आणि साने गुरुजींची गोष्ट त्या आम्हांला पुनःपुन्हा सांगत. गुरुजी १९२४ पासून १९३० पर्यंत अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. तिथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ते ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढत. बाईंनी त्यावरूनच आपल्या शाळेचे हस्तलिखित सुरू केले. फुलस्केप कागद, कडेला लाल समास, मध्ये जाड दोऱ्याची शिवण आणि वर खाकी पुठ्ठा, एवढ्या साधनांवर ते वर्षानुवर्षे निघत राहिले. दुसरा आधार होता बहिणाबाई चौधरींचा. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या बहिणाबाईंची गाणी शेतात आणि जात्यावर जन्मली, त्यांच्या मुलाने, सोपानदेवांनी, ती लिहून घेतली आणि १९५२ मध्ये, म्हणजे त्या गेल्यानंतर, त्यांचे पुस्तक झाले. वर्गात ज्या मुलांचा हात लिहिताना अडे त्यांच्याजवळ बाई एखाद्या भराभर लिहिणाऱ्या मुलीला बसवत आणि म्हणत, “तू सांग, ती सोपानदेव होईल.” त्या मुलांची नावे हस्तलिखितात लेखक म्हणून येत आणि लिहून घेणारीचे नाव खाली बारीक अक्षरांत येई.

माझ्या बाबतीत घडलेला प्रसंग तसा अगदी छोटा आहे. आठवीत असताना दिवाळीच्या सुट्टीनंतरही वेचणी चालू होती, म्हणून मी मायबरोबर कापूस वेचायला जात होते आणि शाळेत उशिरा हजर झाले. सुट्टीवर निबंध लिहायचा होता. मी कापसाच्या शेतावर लिहिले. पांढरे सोने, टिपूर चांदणे, बळीराजाचा आनंद असे सगळे त्यात आले होते आणि अक्षरही चांगले होते. बाईंनी तो वाचला, कागद बाजूला ठेवला आणि माझा उजवा हात आपल्या हातात घेऊन बोटे पाहिली. त्यांनी विचारले, “वेचताना लागतं ते नेमकं कुठे?” मी म्हटले, नखांच्या मुळाशी. “तिथेच का?” मग मला सांगावे लागले की बोंड उकलले म्हणजे त्याच्या टरफलाची टोके वाळून काट्यासारखी टणक होतात, कापूस चिमटीत धरून ओढताना बोटे आत जातात आणि ती टोके बरोबर नखांच्या कडेला लागतात. सकाळी दव असते तोवर ती जरा नरम असतात, ऊन चढले की जास्त टोचतात. “मग माय चिंधी बांधते का बोटांना?” नाही, चिंधी बांधली की कापूस चिमटीत नीट येत नाही आणि हात मंदावतो. मजुरी किलोवर असते. “मग ती काय करते?” संध्याकाळी चुलीपाशी बसून बोटांना गोडेतेल लावते. “तेल लावताना काही बोलते?” मी सांगितले की ती हिशेब करते. ज्या बोटाला तेल लावते त्याच बोटावर त्या दिवशीचे किलो मोजते.

बाई थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “हे सगळं तू मला तोंडी सांगितलंस. तुझ्या कागदावर यातलं काहीच नाही. जा, निंबाखाली बस आणि हेच लिही. माय घरी जशी बोलते तशीच तिला बोलू दे.”

मी तसे लिहिले. मायचे बोलणे अहिराणीत लिहिले आणि बाईंनी त्यातले एक अक्षर बदलले नाही. ते हस्तलिखिताच्या पहिल्या पानावर आले. एवढ्यावर न थांबता त्या एका संध्याकाळी ते बाड काखेत घेऊन आमच्या घरी आल्या आणि ओट्यावर बसून त्यांनी मायला ते पान वाचून दाखवले. मायला वाचता येत नव्हते. तिने सगळे शांतपणे ऐकले आणि म्हणाली की पोरीने एक गोष्ट सोडली, बोंडाबरोबर वाळक्या पानाचा चुरा येतो तो वेचतानाच काढावा लागतो, नाहीतर कापसाचा भाव पडतो. बाईंनी पेन काढून माझ्या हातात दिले. पानावर जागा उरलेली नव्हती, म्हणून ते वाक्य मी समासात उभे लिहिले. मायचे वाक्य पुस्तकात गेले, याचा आनंद तिच्या चेहऱ्यावर मी पाहिला, आणि लिहिणे हे काय काम आहे ते मला त्या ओट्यावर समजले. त्यानंतर मला भाषेचे चांगले प्राध्यापक लाभले, चांगले संपादक लाभले, पण लेखनाविषयी त्याहून मोलाचे मला कोणी काही शिकवले असे वाटत नाही.

माझ्या कार्यशाळांत आज जे काही घडते ते सारे बाईंचे आहे. पहिल्या तासात पेन हातात घ्यायचे नाही, हा दंडक त्यांचा. वाक्य द्यायचे नाही, प्रश्न द्यायचा, हीही त्यांचीच रीत. मुलाने ‘आजी खूप प्रेमळ आहे’ असे लिहिले की मी विचारते, ती तुला जेवायला वाढताना काय म्हणते, तिच्या कमरेच्या पिशवीत काय काय असते, ती रागावते कोणावर. दोन-चार प्रश्नांनंतर प्रेमळ हा शब्द न वापरताही आजी कागदावर येते. शुद्धलेखनाची दुरुस्ती मी सर्वांत शेवटी घेते, कारण ऱ्हस्व-दीर्घाच्या धाकाने मूल आपल्याला लिहिता येतात तेवढेच शब्द वापरू लागते आणि त्याला माहीत असलेले जग कागदाबाहेर राहते. क्रमांक आणि बक्षिसे मी ठेवत नाही, याबद्दल काही आयोजक नाराज होतात, परंतु या बाबतीत मी तडजोड केलेली नाही. पहिला क्रमांक कोणत्या गोष्टीला मिळाला हे कळले की पुढच्या खेपेला सगळी मुले तशीच गोष्ट लिहितात.

धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेतला अनुभव इथे सांगायलाच हवा. मुले पावरा आणि भिल्ल समाजाची होती, घरची भाषा पावरी किंवा भिली, आणि मराठी ही शाळेत शिकलेली. एक मुलगा दोन दिवस गप्प होता. मी त्याला मोहफुलांविषयी विचारले. तो शेजारच्या मुलाकडे वळून पावरीत सांगू लागला आणि शेजारचा मराठीत लिहून घेऊ लागला. फुले पहाटे गळतात, म्हणून अंधार असतानाच टोपली घेऊन झाडाखाली पोचावे लागते, कारण उशीर झाला की गुरे येऊन फुले खाऊन टाकतात. फुले दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा आधीच झाडून किंवा जाळून जागा साफ केलेली असते. त्याची आजी फुले वेचताना झाडाशी बोलते, असे त्याने सांगितले, आणि ती काय बोलते हे मात्र लिहून घेऊ दिले नाही, कारण ते आजीचे आहे, असे तो म्हणाला. त्या मुलाच्या गोष्टीखाली मी दोन्ही नावे लिहिली, सांगणाऱ्याचे मोठे आणि लिहिणाऱ्याचे बारीक. हे बाईंना सांगता आले असते तर किती बरे झाले असते.

पुण्यातल्या मुलांबरोबरही मी हेच करते. त्यांच्याकडे कापूस नसतो, मोह नसतो, पण लिफ्ट असते, रात्रपाळीचा वॉचमन असतो, शेजारच्या बंद फ्लॅटमध्ये वाजणारा फोन असतो. प्रश्न विचारणारे कोणी असले की तीही भरभरून लिहितात. दोन किंवा तीन दिवसांच्या कार्यशाळेला मर्यादा आहेत, हे मी आयोजकांना स्पष्ट सांगते. पाहुणी लेखिका येते, मुले उत्साहाने लिहितात, फोटो निघतात आणि सोमवारपासून पुन्हा तयार निबंध फळ्यावरून उतरवून घेणे सुरू होते. बाई दर शनिवारी होत्या. पावसात होत्या, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात होत्या, पटावरचे सगळे विद्यार्थी आले असोत की निम्मे, त्या होत्या. बाहेरून येणाऱ्या कोणत्याही लेखकाला हे जमणार नाही. ते शाळेतल्या शिक्षकालाच जमते, आणि म्हणून अलीकडे मी मुलांइतक्याच कार्यशाळा शिक्षकांसाठी घेऊ लागले आहे.

मागच्या वर्षी शाळेत आले होते. नवी इमारत उत्तम झाली आहे, संगणक कक्ष आहे, मुलींसाठी चांगली स्वच्छतागृहे आहेत, आणि या सर्वांसाठी झटणाऱ्यांचे मनापासून कौतुक वाटते. पत्र्याची खोली आता नाही, त्याचे दुःख मी धरत नाही. परंतु शनिवारचा तो तास स्पर्धा परीक्षेच्या सरावाला दिला गेला आहे आणि हस्तलिखित बंद पडले आहे, हे ऐकून मला मनापासून वाईट वाटले. जुनी बाडे कुठे आहेत, हेही कोणाला नीट सांगता आले नाही. मुलांच्या वह्या पाहिल्या. पावसाळ्यावरचा निबंध एकाच वाक्याने सुरू होत होता, कारण तो सर्वांनी मोबाइलवरून एकाच ठिकाणाहून उतरवला होता. त्याच वर्गातल्या एका मुलीला मी विचारले की तुमच्या घरी पाऊस कुठून आत येतो, तेव्हा ती पाच मिनिटे न थांबता बोलली.

व्यवस्थापनाला माझी विनंती आहे की शनिवारचा शेवटचा तास पुन्हा लेखनाला द्यावा, निदान सातवी ते नववीच्या वर्गांना. जुन्या हस्तलिखितांचा शोध घ्यावा आणि ज्या माजी विद्यार्थ्यांच्या घरी एखादे बाड असेल त्यांनी ते शाळेकडे जमा करावे. मराठीच्या शिक्षकांची तयारी असेल तर येत्या दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्यासाठी आणि मुलांसाठी कार्यशाळा घ्यायला मी येईन. त्यासाठी मानधन नको आणि प्रवासखर्चही नको. नव्या हस्तलिखिताला लागणारे कागद, पुठ्ठा आणि शिवणीचा दोरा मी पाठवीन. पहिल्या अंकावर संस्थापक संपादक म्हणून बाईंचे नाव घालावे, एवढे मात्र मी आग्रहाने मागते.